दौलतरावांच्या कोठाराखालची नाली

मोरीचं पाणी उलटं येऊ लागलं की माणसं आधी शेजाऱ्याशी भांडतात, मग देवाला नवस बोलतात, आणि दोन्हींनी काही झालं नाही की गवंड्याला बोलावतात. मी तो गवंडी. उमेदीची सगळी वर्षं मी अमरावतीत आणि अकोल्यात काढली. घरं बांधली, विहिरी बांधल्या, एका देवळाचा कळससुद्धा चढवला, पण नाव झालं ते मोऱ्यांमुळे. लग्नाच्या पंगतीत कोणी "हे मोरीवाले किसन मिस्त्री" अशी ओळख करून दिली की शेजारी बसलेला आपलं पान हळूच पलीकडे सरकवायचा. पावसाळ्यात त्याच माणसाच्या घरून मला बोलावणं यायचं.

मला लिहिता येत नाही. मी सांगतो आहे आणि माझा जावई लिहून घेतो आहे. तो शाळेत मास्तर असल्यामुळे माझी भाषा धुऊन-पुसून ठेवतो. माणसांची बोलणी मात्र होती तशीच ठेव, असं मी त्याला बजावलं आहे.

आमचं काम काय, ते आधी सांगतो. घरात मोरी असते. तिथे आंघोळ होते, भांडी घासली जातात, लहान मुलं लघवीला बसतात. ते सगळं पाणी भाजलेल्या मातीच्या नळातून गल्लीतल्या नालीत जातं. नाली म्हणजे दगडांनी बांधलेली आणि वरून फरशांनी झाकलेली वाट. ती गावाबाहेरच्या नाल्यात जाऊन पडते. उतार बेताचा लागतो. फार दिला तर पाणी पुढे पळतं आणि गाळ मागे राहतो. कमी दिला तर दोन्ही तिथेच बसतात. अधूनमधून फरशीत एक तोंड ठेवावं लागतं, म्हणजे कधी तुंबलंच तर तिथून बांबू घालता येतो. मोरीच्या भोकावर जाळीचा दगड बसवायचा. चुलीची राख आणि तुपातेलाचं खरकटं मोरीत जाऊ द्यायचं नाही, कारण राख आणि तूप एकत्र आलं की त्याचा आत चुन्यासारखा थर धरतो. नळाजवळ पिंपळ-वडाचं रोप दिसलं की लहान असतानाच उपटायचं. एवढं केलं तर मला बोलवायची गरज पडत नाही. हे मी प्रत्येक घरी सांगत आलो, आणि मला बोलावणी काही कमी झाली नाहीत.

अकोल्याला मोर्णेच्या काठी एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. त्यांची मोरी संध्याकाळी गुडगुड आवाज करायची. त्यांनी मांत्रिक आणला, लिंबं कापली, उंबऱ्यावर खिळे ठोकले. मी पाहिलं तर नळात वारा कोंडत होता. मी भिंतीत एक उभी पोकळ नळी बसवून वाऱ्याला वाट दिली आणि गुडगुड थांबली. बाईंनी मला जेवू घातलं आणि मांत्रिकाला लुगडं-धोतर दिलं. मी विचारलं, "आजी, हे कसं काय?" तर म्हणाल्या, "तुनं वाट केली, पन निघाला तो त्याच्या मंतरानं." मी हसलो आणि निघालो. अशी हसण्यासारखी कामं पुष्कळ आहेत. आज जे सांगायला बसलो आहे ते तसं नाही.

कापसाच्या तेजीचे ते दिवस. अमेरिकेत लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हता एवढा भाव आला. अमरावतीला रोज गाड्यांच्या रांगा लागत. जन्मभर मातीच्या भिंतीत राहिलेले शेतकरी दगडी घर मागू लागले. गवंड्यांना उसंत नव्हती. जिथे मोकळी जागा दिसेल तिथे कोठार उभं राहत होतं, आणि खाली काय आहे हे विचारायला कोणी थांबत नव्हतं.

अमरावतीच्या परकोटाच्या, म्हणजे गावाच्या तटाच्या आत, खोलापुरी वेशीच्या बाजूला एक उतरती गल्ली होती. तिथे मधोमध गोविंदभटजींचं घर. भटजी पूजाअर्चा करत, मुहूर्त सांगत. शांत आणि फार कमी बोलणारा माणूस. घरात त्यांची बायको सरस्वतीबाई, सून यमुना आणि यमुनेची चार वर्षांची मुलगी द्वारका. मुलगा एलिचपूरला शाळेवर मास्तर होता, सणावाराला यायचा.

गल्लीच्या खालच्या टोकाला दौलतराव राहत. ते मूळ भातकुलीकडचे, भरपूर शेती असलेले. तेजी आली तसे गावात येऊन राहिले. अंगणात बायका रेच्यांवर, म्हणजे हाताने फिरवायच्या लाकडी यंत्रांवर, कापसातून सरकी काढायच्या, आणि शेजारी त्यांनी एक मोठं कोठार बांधलं होतं. मोठ्या आवाजाचा आणि मोकळ्या मनाचा माणूस. कामावरच्या बायांना दुपारी गूळ-शेंगदाणे देणारा. मात्र 'नाही' हा शब्द त्यांच्या कानात शिरत नसे.

ते कोठार बांधलं तेव्हा मी अकोल्यात होतो. परत आलो आणि पाहिलं, तर कोठार गल्लीच्या नालीवरच बसलेलं. नालीचं उघडायचं तोंड नेमकं कोठाराच्या जमिनीखाली गेलं होतं. मी दौलतरावांना म्हटलं, "दौलतराव, खाली नालीचं तोंड आहे. उद्या तुंबली तर उघडायची कुठून?"

ते हसले. "दगडाच्या नालीले काय होते जी? आपल्या आजापंजाच्या काळापासून आहे थे. काई होत नाई."

अंगणातला कापसाच्या बारीक तंतूंचा भुरका आणि सरकीची साल झाडून मोरीत लोटलेली मी तेव्हाच पाहिली. तेही सांगितलं. त्यांनी बायांना हाक मारून दोन शब्द सुनावले. आठवडाभर झाडलेला कचरा उकिरड्यावर गेला, मग पुन्हा मोरीत.

श्रावणात पावसाची झड लागली. एका सकाळी गोविंदभटजी स्वतः माझ्या दारी आले. छत्री असून ओलेचिंब झाले होते, कारण ती उघडायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

"किसन," ते म्हणाले, "मोरीतलं पाणी वर येऊन राहिलं. स्वयंपाकघरापर्यंत आलं. तू चल."

वाटेत त्यांनी सांगितलं की द्वारका चार दिवसांपूर्वी गेली. पटकी झाली होती, जुलाब-उलट्या थांबेनात. सकाळी हसत-खेळत होती, दिवेलागणीला संपली. आता सरस्वतीबाईंनाही तेच सुरू झालं होतं. ते हे सगळं मुहूर्त सांगावा तशा आवाजात सांगत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या घरात शिरलो तो वास अजून विसरलेलो नाही. मोरी काठोकाठ भरलेली, आणि काळं पाणी ओसरीच्या कडेनं हळूहळू पसरत होतं. आतल्या खोलीत सरस्वतीबाई पडलेल्या. डोळे खोल गेलेले, पण बोलणं चालू होतं. कोणाला उद्देशून ते लगेच कळलं.

"शिळी खिचडी घातली पोरीले. मी सांगितलं होतं, घालू नको म्हणून. आईच्या हातानं गेली पोर."

यमुना चुलीपाशी बसून पाणी उकळत होती. तिने मान वर केली नाही. वीस-बावीस वर्षांची असेल.

मी मागच्या अंगणात गेलो. मोरीचा नळ अंगणातून जात होता, आणि त्याला लागूनच घरची विहीर. पूर्वी कोणीतरी वाट जवळची पडते म्हणून नळ तसा नेला होता. पाणी वाहतं असेल तोवर नळ चिरलेला असला तरी फारसं बिघडत नाही. पण खाली अडलं की सगळ्या नळात पाणी ताठून उभं राहतं आणि दिसेल त्या फटीतून बाहेर पडू पाहतं. मी नळावरची माती पायाने दाबली. पाय घोट्यापर्यंत आत गेला.

"मिस्त्री." दाराआडून यमुनेचा आवाज आला. परक्या पुरुषाशी ती समोर येऊन बोलत नसे. "मोरी तुंबली त्या दिवसापासून विहिरीच्या पाण्याले वास येते. मी सांगितलं होतं. सगळे म्हणाले, पावसाळ्यात येतेच."

"वास येते म्हणून नळातलंच पाणी विहिरीत जाते, असं कसं म्हणावं बाई?" मी म्हटलं. मला तसंच वाटत होतं, पण मला वाटून भटजींची विहीर बंद होणार नव्हती.

ती म्हणाली, "घरात पतंगाचं लाकूड आहे, रंगपंचमीचं उरलेलं. त्याचा लाल काढा करून मोरीत ओतला तर?"

मी इतकी वर्षं मोऱ्या बांधल्या, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तिने मोठं पातेलंभर लाकूड उकळलं आणि रक्तासारखा लाल रंग मोरीत ओतला. दोन-तीन घटका आम्ही वाट पाहिली. मग मी कमरेला दोर बांधून विहिरीत उतरलो. दोर भटजींनी स्वतः धरला होता. पाण्याच्या वर हातभर, दोन दगडांच्या सांध्यातून एक बारीक लाल ओघळ खाली उतरत होता. मी त्यावर बोट फिरवलं आणि बोट वर करून दाखवलं.

भटजी वाकून बघत होते. ते म्हणाले, "म्हणजे आम्ही तिला रोज हेच..." आणि थांबले. मग त्यांनी मला वर घ्यायला दोर ओढायला सुरुवात केली.

विहिरीवर फळ्या टाकल्या. पिण्याचं पाणी वेशीबाहेरच्या बारवेतून आणायचं ठरलं. तिकडे जायला बराच चिखल तुडवावा लागे आणि ते काम यमुनेवर आलं. पण विहीर झाकल्याने नाली मोकळी होत नव्हती. गल्लीतल्या वरच्या घरांतही पाणी चढत होतं. पलीकडे कोष्ट्याचं घर होतं, तिथे दोघं आजारी पडले होते.

मी सोमाला बोलावून आणलं. सोमा मेहतर समाजातला, माझ्याच वयाचा. तुंबलेल्या नालीत उतरायचं काम त्याचं आणि फरशा काढून पुन्हा बसवायचं काम माझं. आम्ही कित्येक वर्षं जोडीनं काम केलं. लोक त्याला मागच्या दारानं बोलवत आणि काम झालं की त्याच दारानं घालवत. त्याचं नाव विचारलेलं मी क्वचितच ऐकलं.

आम्ही कोठाराच्या वरच्या बाजूची फरशी काढली. खाली पाणी तुडुंब. मग परकोटाबाहेर जाऊन नालीचं खालचं तोंड पाहिलं. एवढ्या पावसात तिथे नुसती ओल होती. सोमाने वरून लांब बांबू घातला. बांबू कोठाराच्या भिंतीखाली जाऊन कशात तरी रुतला, दगडावर आपटल्यासारखा नाही, गादीत घुसल्यासारखा. बाहेर ओढला तर टोकाला मळकट कापूस चिकटून आला.

"कोठाराखालीच हाय मिस्त्री," सोमा म्हणाला. "वरून ढकलता येनार नाई. जमीन फोडा लागते."

दौलतराव ओट्यावरच उभे होते. सोमाच्या हातातला कापूस त्यांनी पाहिला. तो कोणाचा हे कोणी सांगायची गरज नव्हती. मी एवढंच म्हणालो की कोठार रिकामं करून द्या, आजच जमीन उघडतो.

"आज?" ते म्हणाले. "मिस्त्री, तुमी डोकडे पाह्यले का आतले? छतापर्यंत लागून आहे. हे पानी पाहून राहिले ना? बाहेर काढले तर समदा कापूस सडन. आन गाड्या चिखलात रुतून राहिल्या, न्याचा कुठी?" डोकडा म्हणजे तरटात बांधलेला कापसाचा मोठा गठ्ठा. मग त्यांचा आवाज खाली आला. "ह्यात अर्धा माल माझा नाई. आमच्या गावच्या मान्साईनं माह्या भरोशावर ठेवला. त्याईले मी काय सांगू? झड उघडू द्या. मग तुमी म्हनान तसं करू."

ते खोटं बोलत नव्हते. पण झड कधी उघडेल ते कोणाला ठाऊक? लोक जमले होते. कोष्टी ओरडून बोलू लागला, दौलतरावांचा गडी पुढे झाला, आणि आता हातघाईवर येतं की काय असं वाटलं.

तेवढ्यात लोक बाजूला झाले. यमुना येत होती. डोक्यावरून पदर, पाय चिखलात माखलेले, हातात पितळेचा तांब्या. भटाच्या घरची सून भरदिवसा अशी एकटी पुरुषांच्या घोळक्यातून येताना त्या गल्लीत कोणी पाहिली नव्हती. ती ओट्यापाशी आली आणि तांब्या दौलतरावांच्या पायाजवळ ठेवला.

"हे आमच्या विहिरीचं पाणी आहे," ती म्हणाली. "तुम्ही प्या."

दौलतरावांनी तांब्यात पाहिलं. पाण्याला फिकट लाल झाक होती.

"प्या ना दौलतराव. माझी द्वारकी पीत होती."

दौलतरावांनी तांब्याला हात लावला नाही. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. द्वारकेला त्यांनी पाहिलेलं होतं. ती त्यांच्या अंगणात रेच्यांचा आवाज ऐकायला यायची आणि बायांच्यात बसून गूळ खायची.

ते वळले आणि गड्याला हाक मारली. "दरवाजा उघड कोठाराचा. गाववाल्यांचा माल पयले काढा. माह्या घरात न्या."

"घरात कुठी मालक?"

"जागा दिसन तिथी. माजघरात, झोपाच्या खोलीत, देवघरात. गाववाल्यांचं एक बी डोकडा भिजला नाई पाह्यजे."

"आन आपला माल?"

दौलतराव स्वतः आत शिरले आणि पहिला डोकडा पाठीवर घेऊन बाहेर आले.

सगळी गल्ली कामाला लागली. जो कोष्टी मघाशी भांडत होता तोही. दौलतरावांच्या घरातल्या बायकांनी अंथरुणं-पांघरुणं उचलून वाट करून दिली. गावकऱ्यांचा माल घरात मावला. मग दौलतरावांचा स्वतःचा निघाला आणि तो गल्लीत, ओट्यांवर, झाडाखाली, पावसात. वर तरटं टाकली, पण त्या झडीत तरटं काय करणार? कापूस पाणी पिऊन जड होत चालला. दौलतरावांनी तिकडे एकदाही पाहिलं नाही.

दुपार उलटून गेली तेव्हा मी जमीन फोडली आणि नालीच्या तोंडावरची फरशी सरकवली. आतून जो वास आला त्याने पुढे झुकलेली माणसं मागे हटली. अशा वेळी लगेच उतरायचं नसतं. बरेच दिवस झाकलेल्या नालीत हवा मरून पडलेली असते. ती दिसत नाही, पण माणसाला दोन श्वासांत आडवं करते. आम्ही पणती लावून दोराने खाली सोडायचो. पणती विझली तर थांबायचं. त्या दिवशीची पणती विझली. जरा वेळाने पुन्हा सोडली, तीही विझली. तिसऱ्या वेळी ज्योत अगदी बारीक होऊन टिकली.

"अजून थांब सोमा," मी म्हटलं.

वरच्या घरातून कोणीतरी ओरडलं की पाणी आजाऱ्यांच्या अंथरुणापर्यंत आलं. सोमाने माझ्याकडे पाहिलं. "पनती जळून राहिली ना," तो म्हणाला, आणि कमरेला दोर बांधून उतरला.

खाली त्याने हातातल्या कुदळीने त्या गठ्ठ्यावर घाव घालायला सुरुवात केली. आम्हाला ते ऐकू येत होते. मग आवाज थांबला. मी हाक मारली. ओ आली नाही. दोर ओढला तर तो कुठेतरी अडकला होता, एक वीतही वर येईना.

मी फरशीच्या कडेला पाय सोडले, पण माझ्याआधी दौलतराव उतरले होते. धोतर खोचून, उपरणं नाकातोंडाला गुंडाळून, एवढा अंगापिंडाने मोठा माणूस त्या भोकातून कसा गेला कुणास ठाऊक. खाली एकच धडपड ऐकू आली. मग त्यांचं डोकं वर आलं आणि त्यांच्या दोन्ही हातांवर सोमा. आम्ही त्याला ओढून पावसात निजवलं. दौलतराव कडेला धरून वर आले आणि तिथेच ओकले.

सोमाचे ओठ काळेनिळे पडले होते. मी त्याची छाती चोळत होतो, त्याला हाका मारत होतो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग त्याला ठसका लागला, आणि त्याने डोळे उघडले. पहिला शब्द काय बोलला? "फुटलं का?"

फुटलं नव्हतं, पण अर्धं झालं होतं. आम्ही तोंड तसंच उघडं ठेवून वारा आत जाऊ दिला, पणती स्थिर जळेपर्यंत थांबलो, आणि मग मी स्वतः उतरलो. सोमाने जिथवर खोदलं होतं त्याच्या पुढे थोडंच राहिलं होतं. तो नुसता कापूस नव्हता. राख, तूप आणि भुरका मिळून त्याचा घोंगडीसारखा घट्ट थर बनला होता. कुदळीच्या शेवटच्या घावांनी त्याला भोक पडलं आणि पाण्याने पुढचं काम स्वतःच केलं. मला जेमतेम वर यायला मिळालं. जमिनीखालून गडगडत पाणी निघालं, आणि पाठोपाठ गल्लीभर एकेका घरातून ओरडा ऐकू येत गेला, मोऱ्या उतरल्या म्हणून.

संध्याकाळी कोणी वयस्क माणूस दौलतरावांना समजावू लागला की मेहतराला शिवलात, आता काही प्रायश्चित्त करून घ्या. दौलतराव सोमाजवळच बसले होते. म्हणाले, "आंघोळ तर करनच. त्या घानीत उतरलो म्हनून. ह्याच्यासाठी नाई." आणि सोमाला विचारलं, "तुह्या बापाचं नाव काय रे?" सोमाला हा प्रश्न त्या गल्लीत पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. त्याने नाव सांगितलं.

दौलतरावांचा सगळा कापूस सडला. पिवळा पडला, मग काळा झाला, शेवटी उकिरड्यावर गेला. पुढे अमेरिकेतली लढाई मिटली, भाव कोसळला आणि भल्याभल्यांची कोठारं बसली. तेव्हा लोक त्यांना म्हणत, "तुमचं तसंही बुडालंच असतं." ते म्हणत, "हो जी," आणि विषय सोडून देत. भाव कोसळणार हे त्या श्रावणात कोणालाच माहीत नव्हतं, हे मी त्या लोकांना बोलून दाखवायचो. दौलतराव परत गावी गेले. कोठाराची जागा त्यांनी गल्लीला मोकळी करून दिली.

सोमा पुढे पुष्कळ वर्षं जगला, पण त्याचा श्वास पूर्वीसारखा कधी झाला नाही. चढ आला की थांबायचा. त्या दिवसानंतर मी नालीत माणूस उतरवायची वेळच येऊ नये अशी बांधणी करायचा प्रयत्न केला. बऱ्याच ठिकाणी जमलं. सगळीकडे जमलं नाही, आणि अजूनही माणसं उतरतात. ही खंत माझी एकट्याची असून चालणार नाही.

गल्लीत आणखी दोघं गेले, कोष्ट्याचा भाऊ आणि एक म्हातारी. सरस्वतीबाई वाचल्या. झड उघडल्यावर मी भटजींच्या अंगणात नवा नळ घालायला गेलो. विहिरीपासून दूर, घराला वळसा घालून नेला. सांधे चुना आणि विटांच्या भुकटीने पक्के केले. विहीर उपसून, गाळ काढून आत चुना टाकला.

शेवटच्या दिवशी मी हत्यारं धूत होतो. यमुना बारवेतून पाणी घेऊन आली. कळशी ओसरीवर ठेवली आणि या वेळी दाराआड गेली नाही.

"मिस्त्री, एक विचारू?"

"विचारा बाई."

"द्वारकी त्या पाण्यानंच गेली ना?"

गावात कोणी म्हणत होतं हवा बिघडली, कोणी म्हणत होतं देवीचा कोप. मी काही वैद्य नव्हतो. पण जे विहिरीत उतरून पाहिलं होतं ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मले तरी तसंच वाटते," मी म्हटलं. "विहीर आधी बंद झाली असती तर वाचली असती, असं वाटते."

हे ऐकून ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने एक मोठा श्वास घेतला, खूप दिवस अंगावर काही ओझं घेऊन चाललेला माणूस घेतो तसा.

"हे आईंसमोर बोलाल?"

सरस्वतीबाई आतल्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आजारातून उठलेल्या, हाताच्या काड्या झालेल्या. मी अंगणात उभं राहून सांगितलं. नळ कुठे चिरला होता, पाणी कुठून झिरपत होतं, लाल ओघळ कुठे दिसला, सगळं. आणि मग म्हटलं, "आजी, पोरगी खिचडीनं नाई गेली. तुमीही तेच पाणी पीत होत्या. खिचडी तर तुमी खाल्ली नव्हती ना?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. गोविंदभटजी पूजेच्या खोलीतून बाहेर येऊन उभे होते.

यमुनेने दुसरी रिकामी कळशी उचलली. अजून एक खेप राहिली होती. ती दारापर्यंत गेली असेल, तेवढ्यात सरस्वतीबाई भिंतीला धरून उठल्या. हळूहळू चालत सुनेपाशी गेल्या आणि तिच्या हातातली कळशी काढून घेतली.

"तू बस," त्या म्हणाल्या.

आणि पदर डोक्यावर घेऊन, बारवेच्या त्या चिखलाच्या वाटेला त्या स्वतः लागल्या.